सांधा नंबर सदतीस

१

बुधवारी सकाळी साडेनऊ वाजता नव्या यंत्राने सदतीस नंबरच्या सांध्यात भेग दाखवली, आणि दहा वाजायच्या आत आमच्या गोदीतल्या सर्वांत चांगल्या वेल्डरला लबाड ठरवून बाहेरच्या बाकावर बसवलं गेलं. एरवी इथे पंख्याचं बटण बदलायलासुद्धा तीन सह्या लागतात. माणूस बदनाम करायला मात्र अर्धा तास पुरला.

आमच्या नौदलाच्या तीन अणुपाणबुड्या. कामगारांनी त्यांना थोरली, मधली आणि धाकटी अशी नावं ठेवली आहेत. थोरली गेली दोन वर्षं सुक्या गोदीत होती. तिची जुनी क्षेपणास्त्रं काढून दुप्पट पल्ल्याची नवी बसवायची, म्हणून क्षेपणास्त्रांच्या बाराही नळ्या बदलल्या होत्या. नळी पाणबुडीच्या कवचातून जाते. जिथे जाते तिथे सांधा आला, आणि खोल समुद्रात पाणी आधी सांध्यातच घुसू बघतं. असे एकशे बारा सांधे. प्रत्येकाची एक्स-रे फिल्म काढायची, दोष दिसला तर तेवढा भाग घासून पुन्हा भरायचा, आणि पुन्हा फिल्म काढायची. आता शेवटची खात्री म्हणून नवं यंत्र आलं होतं. ते एकेक सांधा बघून जुन्या फिल्मशी ताडत होतं. शनिवारी थोरली पाण्यात उतरायची होती.

मी सांध्यांची तपासनीस. गोदीत मला सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. संशय घेण्याचा मला पगार मिळतो, आणि घरी हे काम मी फुकट करते असं नवऱ्याचं म्हणणं आहे.

प्रकरण कागदावर अगदी साधं होतं. सहा महिन्यांपूर्वी सदतीसच्या फिल्ममध्ये दोष दिसला. वेल्डरने तो घासून पुन्हा भरला, असं दुरुस्तीचं कार्ड सांगत होतं. कार्डावर त्याची सही होती. आज रंग खरवडून पाहिला तर सदतीसला कुणी हातही लावलेला नव्हता. दोष जिथल्या तिथे. कपाटातलं सदतीसचं पाकीट उघडलं, तर आत फिल्मच नाही.

"न केलेल्या कामावर सही, आणि वर पुरावा गायब," नियोजन अधिकारी म्हणाले. यांना आम्ही तारीखसाहेब म्हणतो. यांचं एकही वाक्य तारखेशिवाय पुरं होत नाही. "चौकशी सतरा तारखेला, शुक्रवारी, दुपारी तीन वाजता."

गोदीचे प्रमुख, आमचे मोठे साहेब, माझ्याकडे वळले. "बाई, शुक्रवारी तीनपर्यंत मला लेखी द्या. काय झालं, कुणी केलं. मगच निकालावर सही करेन."

बाकावर बसलेल्या माणसाला सगळी गोदी 'मामा' म्हणते. निवृत्तीला चार आठवडे राहिले होते. बाविसाव्या वर्षी मी इथे आले तेव्हा सांधा कसा बघायचा हे मला मामांनी शिकवलं. पुस्तकं मी त्याआधी खूप वाचली होती, पण ती बिचारी कामाला आली नाहीत. शुक्रवारी तीनपर्यंत मला खरं सापडलं नाही, तर अडतीस वर्षांच्या नोकरीनंतर हा माणूस खोट्या सहीचा डाग घेऊन गेटबाहेर जाणार होता.

मी शेजारी बसले. "मामा, काय झालं?"

"मी सांधा भरलाय."

"कुठला?"

"खडूने नंबर लिहिला होता तो."

"कुठला नंबर? आणि लिहिला कुणी होता?"

"आठवत नाही."

या माणसाला वीस वर्षांपूर्वीचे सांधे आठवतात, कुठल्या दिवशी पाऊस होता यासकट. मामा खोटं बोलत होते, आणि सवय नसल्यामुळे फारच वाईट बोलत होते.

२

फिल्म बघून दोष सांगण्याचं काम माझी धाकटी नणंद करते. गोदीत ती मला बाई म्हणते आणि घरी वहिनी. चिडली की कुठे आहोत ते विसरते.

"वहिनी, तू माझ्यावर संशय घेतेस?"

"कपाटाच्या किल्ल्या तिघांकडे आहेत. तू, मी आणि तारीखसाहेब. मी सगळ्यांवरच घेते."

ती फुरंगटली, पण बोलली. "सदतीसमध्ये दोष दिसला तो मलाच. मी लगेच पाणबुडीत फोन केला. 'सदतीस उघडा' असं सांगितलं. पलीकडून कुणीतरी 'लिहिलं' म्हणालं आणि ठेवला. मग मी वहीत नोंद केली. तारीखसाहेबांच्या ऑफिसने वहीवरून कार्ड बनवलं."

"फोनवर कोण होतं?"

"त्या फोनवर आपला आवाज आपल्याला ओळखू येत नाही. शिवाय पलीकडे घासण्याचं मशीन चालू होतं."

पाणबुडीच्या पोटात मोबाइल चालत नाही. नळ्यांच्या दालनात भिंतीला एक जुना काळा फोन आहे. जो जवळ असेल तो उचलतो, सांगितलेला नंबर खडूने तिथल्याच पत्र्यावर लिहितो आणि आपल्या कामाला लागतो. वर्षानुवर्षं असंच चालत आलंय.

"आणि दुरुस्तीनंतरची फिल्म?"

"ती मी पाहिलीच नाही. फोन केला त्याच दिवशी आई पडली ना! तीन आठवडे मी दवाखान्यात होते. विसरलीस?"

विसरेन कशी? सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं तो दिवस. निरोप आला तशी मी हातातलं काम टाकून धावले होते. कुठलं काम, ते मात्र आठवेना.

तिथून मी मुकादमाला गाठलं. वेल्डरांना काम वाटून देणारा हाच. हा माणूस घाबरला की मोठ्याने बोलतो.

"बाई, मामा दोन दिवस नळ्यांच्या दालनात होते! मी स्वतः बघितलंय! घामाने निथळत होते. वेल्डिंगच्या कांड्या संपल्या म्हणून मीच आणून दिल्या. दोन दिवस ते आत काय झोपा काढत होते?"

"नंबर कुठला होता?"

"मी नंबर कशाला बघू? मी कांड्या दिल्या आणि बाहेर आलो."

तो घाबरला होता हे खरं, पण वेल्डिंगचं सामान देताना नंबर न बघितल्यामुळे. मी सामानघराची वही पाहिली. कांड्या दिलेल्या होत्या आणि उरलेली थोटकं मोजून परत घेतलेली होती. म्हणजे मामांनी खरोखरच एक सांधा घासून पुन्हा भरला होता, आणि सदतीस तर कोराच होता.

मग थोरलीच्या पोटात मामांनी भरलेला तो सांधा होता कुठे?

३

शोधायची रीत सोपी आहे. रंग काढायचा, आम्लाचा बोळा फिरवायचा, की नवं भरण वेगळ्या रंगाचं दिसतं. पण नेमकी जागा ठाऊक नसेल तर एका सांध्याला अर्धा दिवस जातो. नव्या यंत्राने चाळीसपर्यंतचे पाहिले होते, तरी बहात्तर उरले होते आणि माझ्याकडे दोन दिवस. साप साप म्हणून भुई धोपटायची वेळ नव्हती.

संध्याकाळी घरी आले तर नवरा गाल धरून बसलेला. दाढ ठणकत होती. बोलताना दुखतं म्हणून दंतवैद्याला फोन मी करायचा असं ठरलं. तो शेवटचे आकडे सांगत होता, "अठ्ठेचाळीस, बासष्ट," आणि मी लिहीत होते.

फोन लागला. मी म्हटलं, "दुखतंय फार, काही खात नाहीत."

पलीकडून विचारलं, "किती दिवस झाले चारा सोडून?"

गुरांचा डॉक्टर होता. नवरा दुखऱ्या दाढेने हसला, कण्हला आणि परत हसला. मी म्हटलं, तोंडात बोळा धरून आकडे सांगितल्यावर दुसरं काय होणार. त्याने माझ्या हातातला कागद घेतला, तो बघितला आणि काही न बोलता स्वतःच फोन लावला. पंचवीस वर्षांच्या संसारात तो एवढं शिकला आहे.

गुरुवारी सकाळी मी फिल्मचं कपाट उघडून बसले. विचार एवढाच होता की चोराने काय नेलं हे कळलंय, पण काय काय नेलं हे कुणी पाहिलंच नाही. एक ते एकशे बारा, एकेक पाकीट उजेडासमोर धरलं. सदतीस रिकामं होतं, ते माहीत होतंच.

त्र्याहत्तरही रिकामं निघालं.

त्र्याहत्तरमध्ये कधीच दोष नव्हता. वहीत पहिल्याच दिवशी 'साफ' अशी नोंद होती. चांगल्या सांध्याची फिल्म कुणाला कशाला हवी? मी दोन्ही पाकिटं शेजारी ठेवली. ३७ आणि ७३.

आणि मग मी मोठ्याने म्हणून पाहिलं, सदतीस.

आपल्या भाषेत आकडा उलटा येतो. आधी सुटा, मग दशक. सद, म्हणजे सात, मग तीस. डोक्याने लिहिणारा थांबतो आणि तीन आधी लिहितो. कानाने लिहिणारा ऐकलं तसं लिहितो, आधी सात, पुढे तीन.

आवाजात, घाईत, खडूने कुणीतरी सदतीसचं त्र्याहत्तर केलं होतं.

४

त्र्याहत्तरचा रंग मी स्वतः काढला. आम्लाचा बोळा फिरवला. दीड वीत लांबीचा पट्टा हळूहळू वेगळा दिसायला लागला. एकसारखा, कुठे खळगा नाही की फुगवटा नाही. मामांचा हात लाखात ओळखू येतो. मला तिथेच रडू आलं. त्यांनी काम अगदी चोख केलं होतं, फक्त चुकीच्या जागी.

डोळे पुसले तसा राग आला. असा कोण गाढव, ज्याला दोन आकडे धड लिहिता येत नाहीत? एका माणसाच्या हलगर्जीपणाने थोरली भेगेसकट समुद्रात गेली असती. आत सव्वाशे माणसं असतात. मी ठरवलं, याला शुक्रवारी सर्वांसमोर उभा करायचा.

पाणबुडीच्या तोंडाशी एक वही असते. आत जाणारा सही करून वेळ लिहितो, बाहेर येणारा पुन्हा लिहितो, म्हणजे दार बंद करताना आत कुणी राहत नाही. पहारेकऱ्याने सहा महिन्यांपूर्वीची वही काढून दिली. सासूबाई पडल्या तो दिवस मला तोंडपाठ होता. नणंदेच्या वहीप्रमाणे फोन अकरा चाळीसला झाला होता.

अकरा चाळीसला नळ्यांच्या दालनात दोनच माणसं होती. मामा, आत आठ वाजता. ते पलीकडच्या टोकाला मशीन चालवत होते.

दुसरी सही आत अकराला, बाहेर अकरा पन्नासला. शेजारी शेरा होता, 'घरून निरोप, तातडीने बाहेर'.

सही माझी होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मी वही मिटली. पहारेकऱ्याने विचारलं, "बाई, सापडलं का?" मी म्हटलं, सापडलं.

५

मामांच्या घरी गेले तेव्हा अजून ऊन होतं. मामींनी दार उघडलं आणि काही न विचारता आत गेल्या. मामा चपलेचा तुटलेला अंगठा शिवत बसले होते.

"मामा, तो नंबर मी लिहिला होता."

त्यांनी सुई खाली ठेवली. "सात असा शेपटीवाला दुसरं कोण काढतं?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय होणार होतं? भेग यंत्राने पकडली, आता धोका कुणालाच नाही. राहिलं माझं नाव. माझे चार आठवडे उरलेत पोरी, तुझी बारा वर्षं. मी गेल्यावर सांधे बघणार कोण?"

मला त्यांचा राग आला. "आणि कार्डावर सदतीस छापलेलं होतं, ते?"

"मी कार्डावर सही करतो, कार्ड वाचत नाही. माझीही चूकच आहे ती."

"घासताना दोष दिसला?"

"नाही ना! सगळा थर काढला, आत लखलखीत. मी तेव्हाच जाऊन तारीखसाहेबांना सांगितलं, दोष मिळाला नाही, बाईंनी लिहिलेला नंबर एकदा तपासून बघा. ते म्हणाले बारीक असेल, घासण्यात गेला असेल."

आता उरलं ते नुसतं जोडायचं होतं. शुक्रवारी सकाळी मी नणंदेच्या वहीत दुरुस्तीच्या फिल्मची नोंद पाहिली, आणि तशीच तारीखसाहेबांच्या खोलीत गेले.

"तुम्ही पूर्वी फिल्म वाचायचं काम करत होता," मी म्हटलं. "माझी नणंद रजेवर होती, तेव्हा दुरुस्तीची फिल्म तुम्ही पाहिलीत. वहीत 'सदतीस, साफ' खाली सही तुमची आहे. पण फिल्म काढणारे सांध्याजवळ शिशाचे आकडे ठेवतात, ते फिल्मवर उमटतात. तुमच्या हातातल्या फिल्मवर त्र्याहत्तर होतं."

"अंदाज आहे तुमचा."

"मुकादम फिल्म बघत नाही. नणंद तिथे नव्हती. मामांना कपाट उघडता येत नाही. नंबर फिरलाय हे ज्याला ठाऊक होतं त्यालाच दोन्ही पाकिटं रिकामी करायची गरज होती. फिल्म म्हणजे सांध्याचा चेहरा. त्र्याहत्तर नव्याने भरल्यावर त्याचा चेहरा बदलला. नवं यंत्र जुन्या फिल्मशी ताडणार म्हटल्यावर तुम्हाला दोन्हींच्या काढाव्या लागल्या."

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. "दुसऱ्या दिवशी नळी खाली सोडायची होती. सदतीस उघडायला थांबलो तर क्रेनची पुढची तारीख तीन आठवड्यांनी. नव्या क्षेपणास्त्राची चाचणी ठरलेली, वरून रोज फोन. दोष लहान होता हो."

"आता तो भेग झालाय."

"झालाय." त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली, आणि आवाज एकदम मऊ झाला. "बाई, एक सांगू? नंबर कुणी लिहिला हे मामांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. मी सहा महिने तोंड उघडलं नाही. तुम्ही अहवाल लिहिलात तर पहिलं नाव तुमचं येईल. तपासनिसाच्या हातून नंबर चुकला, मग तुमच्या शिक्क्याला काय किंमत राहणार? मामा तसेही चालले आहेत. झाकली मूठ राहू द्या. तीन वाजायला अजून पाच तास आहेत."

६

ते पाच तास मी लिहीत बसले. पहिलं वाक्य लिहायला दोन तास गेले, बाकीचं भराभर झालं.

तीन वाजता मोठ्या साहेबांच्या खोलीत मामा, नणंद, मुकादम आणि तारीखसाहेब बसले होते. मी उभी राहून वाचलं.

"सदतीस नंबरच्या सांध्याऐवजी त्र्याहत्तर उघडला गेला, कारण फोनवर सांगितलेला नंबर मी उलटा लिहिला."

नणंदेच्या तोंडून "वहिनी!" असं बाहेर पडलं. मी थांबले नाही. खडू, पहारेकऱ्याची वही, सामानघराची वही, आम्लाने दिसलेला पट्टा, दोन रिकामी पाकिटं, दुरुस्तीच्या फिल्मखालची सही, सगळं क्रमाने वाचलं. तारीखसाहेबांनी दोन्ही पाकिटांतल्या फिल्म कुठे ठेवल्या हे मला ठाऊक नव्हतं. मोठ्या साहेबांनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. दहा मिनिटांत त्यांच्या घरून माणूस त्या घेऊन आला. फाडून टाकायचं धाडस झालं नव्हतं. फिल्म वाचणाऱ्याच्या हातून फिल्म फाटत नाही, एवढं मी त्यांच्या बाजूने म्हणेन.

तारीखसाहेब बाहेर गेल्यावर मोठ्या साहेबांनी अहवालाचं पहिलं पान पुन्हा उघडलं.

"बाई, पहिलं वाक्य नसलं तरी चालेल. दोष लपवला तो गुन्हा. तो सिद्ध झालाय. नंबर कुणी लिहिला ते 'कळू शकलं नाही' असं लिहा. तुमच्यासारखा तपासनीस मला आणायचा कुठून?"

मुकादमाने जोरात मान हलवली. मामाही हलवत होते. मोह झाला नाही म्हटलं तर खोटं होईल.

"साहेब, ते वाक्य काढलं तर मामांनी चुकीचा सांधा का उघडला याचं उत्तर राहत नाही. उद्या कुणीही म्हणेल, वेल्डर गोंधळला. त्यांनी जिथे नंबर होता तिथेच काम केलं. नंबर चुकीचा होता, आणि तो मी लिहिला होता. वाक्य राहू दे."

"मग तपासनिसाचं काम तुमच्याकडे ठेवता येणार नाही. हा नियम माझा नाही."

"ठाऊक आहे. आणखी एक लिहिलंय शेवटी. यापुढे फोनवर नंबर सुटा सांगायचा. तीन, सात. आणि ऐकणाऱ्याने तो तसाच परत म्हणून दाखवायचा."

शिक्का मी सोबतच आणला होता. टेबलावर ठेवला. लाकडी मूठ एकवीस वर्षांत माझ्या बोटांनी गुळगुळीत झाली होती. साहेबांनी तो खणात टाकला, सही केली आणि मामांकडे वळले. "तुमच्यावरचा आरोप मागे घेतलाय. गोदीतर्फे मी तुमची माफी मागतो. तुम्हाला काही म्हणायचंय?"

मला वाटलं मामा आता माझ्यासाठी रदबदली करतील. ते उठले, माझ्याकडे बघितलं, एकदाच, आणि त्या बघण्यात राग होता, लहानपणी परीक्षेत पहिली आलेल्या मुलीकडे बाप बघतो तसं काहीतरीही होतं. मग साहेबांकडे वळले.

"सदतीस उघडायचा म्हणजे आधी नळी उचलायला हवी. क्रेन कधी देता?"

"सोमवारी."

"माझे चारच आठवडे आहेत साहेब. आज द्या."

साहेबांनी फोन उचलला.